अस्पष्ट आवाजांची यादी

४ मार्च

प्रिय आत्या,

तू घरात फोन ठेवत नाहीस, म्हणून मला पाकिटं आणि तिकिटं शोधत फिरावं लागतं. टपाल कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "अजून कुणाला पत्र लिहिता?" म्हटलं, "आत्याला. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यावर तिला फोनचा उबग आलाय." बाई इतक्या हसल्या की मागची रांग वैतागली.

मला नोकरी लागली. पण कबूल कर की हे पत्र वाचलंस की फाडून टाकशील. मी बारा पानी कागदावर सह्या केल्यात. काय काम करते ते घरीसुद्धा सांगायचं नाही. बाबांना मी "संगणकावर टायपिंग" एवढंच सांगितलंय.

बाबांच्या टेबलावर ती बोलकी डबी तू बघितली आहेस ना? "मिनू, दिवा लाव", "मिनू, किती वाजले" म्हटलं की उत्तर देते ती. ती आमच्या कंपनीची. मिनूला जे बोलणं नीट कळत नाही, त्याचे तुकडे आमच्याकडे येतात. पाच सेकंद, दहा सेकंद. कानाला हेडफोन लावायचा, जे ऐकू आलं ते लिहायचं, आणि तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: मिनूला उद्देशून, चुकून ऐकलेलं, किंवा नुसता गोंगाट. दिवसाला आठशे तुकडे. कुणाचं नाव नाही, गाव नाही, प्रत्येक डबीला फक्त एक क्रमांक. पलीकडे जिवंत माणूस बसलाय हे त्या लोकांच्या गावीही नसतं.

आमच्या वरिष्ठ बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आपण माणसं ऐकत नाही. आपण आवाज ऐकतो." माझ्या शेजारी एक चष्मेवाला बसतो, तो म्हणतो, "लोकांकडे लपवण्यासारखं असतं काय? भाजी काय करायची आणि पोरगं शाळेत का गेलं नाही, एवढंच." खरंच तसं असतं, आत्या. कुणी गाणं गुणगुणतंय, कुणी नवऱ्यावर खेकसतंय, कुणी एकटंच बसून जांभया देतंय. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी आपण कुणाच्या तरी खाटेखाली लपून बसलोय असं वाटायला लागलं.

मला "अस्पष्ट आवाज" ही यादी दिली आहे. माझा कान तुझ्यावर गेलाय असं बाबा म्हणतात ना, ते इथे कामाला आलं. त्यात एक डबी आहे, शेवटचे आकडे ४१७. दुपारी एक बाई बोलते. बारीक, चिरका आवाज. आज म्हणाली, "मिनू, दार उघड ना. मला घरी जायचंय." मी "मिनूला उद्देशून" वर खूण केली आणि पुढच्या तुकड्यावर गेले. पण जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

तुझी,
ठमी

१२ मार्च

ठमे,

पत्र मिळालं. फाडलं नाही, गादीखाली ठेवलंय. फाडलेला कागद कुणीही जोडून वाचू शकतं; माझ्या गादीखाली हात घालायची मात्र कुणाची छाती नाही.

नोकरी लागली, चांगलं झालं. पण सह्यांचं वाचून मला माझी पहिली नोकरी आठवली. आमच्याकडूनही कागद लिहून घेतला होता. जोडणी लागली की कळ वर करायची, दोघांचं बोलणं कानावर पडू द्यायचं नाही. पहिली दोन वर्षं मी इमानदारीनं कळ वर केली. मग कधी राहून जायची. मग राहू द्यायची. तू खाटेखाली म्हणतेस ना, अगदी तसंच. फरक एवढाच की आमच्यावेळी लोकांना ठाऊक असायचं, मध्ये कुणीतरी बाई बसलेली आहे. खाकरून बोलायचे. "ऑपरेटरबाई, ठेवा आता" म्हणायचे. तुमच्या डबीपुढे कोण खाकरणार?

एक सांगते, तुझ्या बाबालाही माहीत नाही. मागच्या गल्लीत एक घड्याळजी राहायचा. त्यानं एकदा परगावी फोन लावला. पलीकडे बाई. हा म्हणाला, "बुधवारी सकाळच्या गाडीनं ये. हिला पत्ता लागू देऊ नकोस. कपड्यांची पिशवी मी आणतो, मग पुढचं बघू." त्याची बायको माझ्या ओळखीची, भोळी, पदरात दोन मुलं. दोन दिवस मी गप्प बसले. मंगळवारी मात्र तिला जाऊन सांगितलं. ती वेळेवर स्टेशनात पोचली. संसार वाचला. तिनं माझे दोन्ही हात धरले होते, ते अजून आठवतं.

म्हणजे ऐकलेलं कधी कधी उपयोगी पडतं. पण तू त्या फंदात पडू नकोस. काम कर, पगार घे, घरी ये. आणि जेवत जा.

आत्या

२१ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्यात एवढं धाडस होतं हे मला माहीतच नव्हतं.

४१७ बद्दल सांगते. त्या घरात एक पुरुष आहे. सकाळी त्याचा आवाज येतो, शांत, दमलेला. शांत असल्यामुळेच जास्त भीती वाटते. मी काही तुकडे पाठ केलेत, कारण लिहून घ्यायला बंदी आहे.

तो: "हेच तुझं घर आहे, राणी. कुठे निघालीस?"
ती: "तुम्ही कोण? मला माझ्या घरी सोडा."
तो: "गोळी गीळ. थुंकायची नाही. तोंड उघड बघू."
तो: "मी बाहेरून कडी लावून जातोय. रडायचं नाही."

आणि मग कडीचा आवाज. लोखंडी कडी, आत्या. तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल.

दिवसभर ती एकटी असते. मिनूला हाका मारते. परवा तिनं एक पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, मजला, खोली, सगळं. पुन्हा सांगितला. पुन्हा. घोकल्यासारखा, एकाच सुरात, सात वेळा. मी हेडफोन काढून ठेवला. ती कुणाला सांगत होती? डबीच्या पलीकडे कुणीतरी असेल या आशेवर सांगत होती ना? आणि पलीकडे मी आहे.

मी वरिष्ठ बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "संवेदनशील अशी खूण कर. वरचे लोक बघतील." मी अकरा वेळा केली. वरच्या लोकांचा पत्ता नाही. चष्मेवाला म्हणाला, "नवराबायकोचं भांडण असेल. आपल्याला काय करायचंय?" मी एका दुकानातून पोलिसांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला हे कसं कळलं?" मी फोन ठेवून दिला.

तो पत्ता याच शहरातला आहे. बसनं पाऊण तास. उद्याच्या रविवारी मला काम आहे, पण २९ तारखेला सुट्टी आहे. मी नुसतं बघून येणार. तू दोन दिवस गप्प बसलीस, मी सतरा दिवस बसले आहे.

ठमी

२६ मार्च

ठमे,

हे पत्र तातडीच्या टपालानं टाकतेय. हातात पडताच वाच. जाऊ नकोस.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं आणि मी तशीच लिहायला बसले. तू तिच्या आवाजाला चिरका म्हणतेस. "स" म्हणताना हवा सुटते का? पत्ता सांगताना मध्ये ओठ चावल्यासारखा आवाज येतो का? तसं असेल तर तिला दात नाहीत. तुझी यादी अस्पष्ट आवाजांची आहे ना? मग त्या यादीत कोण असणार? लहान मुलं आणि म्हातारी माणसं. तीस वर्षांच्या बाईचं बोलणं डबीला कळायला काय धाड भरली आहे?

माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं संध्याकाळ झाली की उंबऱ्यात येऊन बसायच्या आणि "मला घरी सोडा" म्हणायच्या. लग्नाला साठ वर्षं झाली होती त्याच घरात. तुझ्या काकांना विचारायच्या, "तुम्ही कोण?" आम्हीही बाहेरून कडी लावायचो. एकदा विसरलो, तर त्या पार रेल्वेच्या रुळांपाशी सापडल्या. त्यांनाही आम्ही पत्ता पाठ करून घेतला होता. हरवल्या तर कुणाला तरी सांगता यावा म्हणून. त्याही घोकायच्या. एकाच सुरात.

कदाचित माझं चुकत असेल. तिथे खरोखरच कुणी डांबून ठेवलेलं असेल. पण तुझ्याकडे पाच-पाच सेकंदांचे तुकडे आहेत, मधले तास नाहीत. माझा निरोप येईपर्यंत थांब. मी रविवारनंतर येते, आपण दोघी जाऊ. दार वाजवून जाऊ. कडी उघडू नकोस. ऐकतेस ना?

आत्या

२९ मार्च

प्रिय आत्या,

आत्ताच परत आले. चप्पलही न काढता लिहायला बसलेय, अक्षर समजून घे.

जुनी चार मजली इमारत. जिन्यावर फिनाईलचा वास, भिंतीला सायकली टेकवलेल्या. तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. बाहेरून कडी. कुलूप नव्हतं, फक्त एक खिळा अडकवलेला. मी दाराला कान लावला. आतून गुणगुणल्यासारखं काहीतरी येत होतं. मी हळूच म्हटलं, "ताई, तुम्ही पत्ता सांगितलात. मी आलेय."

गुणगुणणं थांबलं.

नुसतं बघून यायचं ठरवलं होतं, माहीत आहे मला. पण तिथे उभं राहिल्यावर परत फिरवेना. मी खिळा काढला, कडी सरकवली. तेवढ्यात खालून पावलं वाजली. जड, पुरुषाची. मला वाटलं तोच आला. मी फटीतून एवढंच म्हटलं, "दार उघडं आहे. जमेल तेव्हा निघा, ताई." आतून उत्तर आलं, "आले, आले. चप्पल घालते."

मी गच्चीच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. पावलं दुसऱ्या मजल्यावरच थांबली, एक दार उघडलं, बंद झालं. कुणी भलताच होता. मग मात्र माझा धीर सुटला. सह्या केलेली बारा पानं डोळ्यांपुढे आली. मी तिसऱ्या मजल्यावर मान वळवूनही न बघता धावत खाली उतरले आणि पहिली मिळाली ती बस पकडली.

बसमध्ये मला रडू आलं आणि हसूही. उद्या ४१७ कडून एकही तुकडा आला नाही, तर मी समजेन की ती सुटली.

ठमी

४ एप्रिल

आत्या,

तुझं तातडीचं पत्र ३१ तारखेला मिळालं. तोवर दोन दिवस झाले होते. तू निघते आहेस असं लिहिलं होतंस, म्हणून तुझ्याकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देऊन तुला थांबवलं. तू आली असतीस तर मी तुझ्याकडे बघू शकले नसते.

सोमवारी सकाळपासून ४१७ चे तुकडे आलेच नाहीत. मी आनंदानं चष्मेवाल्याला चहा पाजला. मंगळवारी तुझं पत्र वाचलं. बुधवारी मी पुन्हा त्या रस्त्याला गेले. बसथांब्यावर, दुधाच्या दुकानावर, विजेच्या खांबावर एकच कागद चिकटवलेला. फोटोत एक म्हातारी, गाल आत गेलेले, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतेय. वय ८१. रविवारी दुपारपासून बेपत्ता. स्मृती गेली आहे. उंची कमी, फिकट निळं लुगडं, अनवाणी. स्वतःचा पत्ता सांगते. खाली मुलाचा नंबर.

मी तो कागद वाचत असताना दूधवाला म्हणाला, "बिचारा लिफ्ट दुरुस्तीवाला आहे. आठ वर्षं आईला एकट्यानं सांभाळतोय. त्या दिवशी नेमका कुठेतरी लिफ्टमध्ये कुणी अडकलं म्हणून बोलावलं त्याला. कडी लावायला विसरला असेल."

"तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, मी लावली होती. मग म्हणतो, लावली होती ना? आम्हालाच विचारतो."

मी काय करू?

११ एप्रिल

ठमे,

काय करू म्हणून तू मला विचारतेस, आणि जिला हे विचारू नये अशीच मी बाई आहे. घड्याळजीचं मी तुला खोटं सांगितलं. सगळं नाही, शेवट.

त्याच्या बायकोबरोबर तिचे दोन भाऊही स्टेशनात गेले होते. गाडीतून उतरली ती त्याची धाकटी बहीण. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली, अंगावर मार, कडेवर तान्हं मूल. घड्याळजीच्या बायकोचं आणि तिचं पूर्वीपासून वाकडं, म्हणून त्यानं गुपचूप सोय करायचं ठरवलं होतं. फलाटावर माणसांदेखत जे व्हायचं ते झालं. कुणी ऐकून घ्यायच्या आधीच भावांनी त्याला खाली पाडलं. ती पोर तशीच पुन्हा गाडीत चढली. ती त्या गाडीनं कुठे गेली, कुणालाही कधी कळलं नाही. महिन्याभरानं घड्याळजी दुकानाला फळ्या लावून निघून गेला, तो परत आलाच नाही.

बायको अजून मागच्या गल्लीत आहे. भेटली की म्हणते, "तुम्ही होतात म्हणून मला कळलं." छत्तीस वर्षं मी ते ऐकून घेतेय. बहिणीचं तिला कळलं होतं, पण तिनं ते कधी खरं मानलं नाही. आणि मी एकदाही तोंड उघडून सांगितलं नाही की मी अर्धंच ऐकलं होतं. फोन मी उबग येऊन काढला नाही, ठमे. तो वाजला की मला वाटायचं, ती पोर बोलतेय.

तुला संसार वाचल्याचं लिहिलं ते का, माहीत आहे? लिहिताना मलाच जरा बरं वाटलं. आणि त्याच शब्दांच्या जिवावर तू कडी काढलीस.

त्याच्याकडे जा. नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील. येऊ देत. तो माणूस स्वतःच्या हाताकडे बघून विचारतोय, मी कडी लावली होती का. त्याला उत्तर फक्त तू देऊ शकतेस.

आत्या

२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी ४१७ पुन्हा सुरू झाली. माझ्या यादीत, माझ्या कानात. या वेळी तो बोलत होता.

"मिनू, कुणी ऐकतंय का?" डबी म्हणाली, "मला समजलं नाही." तो म्हणाला, "तुला नाही विचारत. तुझ्या मागे कुणी असेल तर. माझी आई कुठे गेली? दार कुणी उघडलं? काही ऐकलं असेल तर सांगा हो." असे चौदा तुकडे. त्याला काहीच माहीत नव्हतं, आत्या. माणूस हताश झाला की कुणालाही विचारतो, तसा तो विचारत होता. आणि माझ्यापुढे तीन चौकटी. मी एकीतही खूण केली नाही. हेडफोन ठेवला, वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तू मला सांगितलंस असं मी कुणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस." माझी यादी त्यांनी चष्मेवाल्याला दिली.

तिथून मी सरळ त्याच्याकडे गेले. दार उघडंच होतं. आता तो ते लावतच नाही. पन्नाशीचा माणूस, नखांत काळं ग्रीस. मी उंबऱ्यातच म्हटलं, "कडी तुम्ही लावली होती. मी काढली."

तो चौकट धरून उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी डबीचं, यादीचं, पत्त्याचं, सगळं सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं, "ती काही म्हणाली?"

"म्हणाली, आले, चप्पल घालते."

तो खाली बसला. "तिच्या चपला इथेच आहेत. म्हणून मी सगळ्यांना अनवाणी सांगितलं." मग उठून त्यानं दारामागे बघितलं, खाटेखाली बघितलं. त्याच्या स्वतःच्या जुन्या चपला नव्हत्या. तीन आठवडे सगळे जण अनवाणी म्हातारी शोधत होते. त्यानं तिथल्या तिथे पोलिसांना फोन केला. माझं नावही सांगितलं. मी थांबले. ते उद्या सकाळी मला बोलावणार आहेत.

फोन ठेवून तो म्हणाला, "मी कंपनीला पत्र लिहिलं होतं. तिचा आवाज तुमच्याकडे असेल तर द्या म्हटलं. उत्तर आलं की ग्राहकांच्या खासगीपणाच्या कारणास्तव देता येत नाही." तो हसला. तसं हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही. "मी दिवसभर बाहेर असायचो. ती एकटी असताना काय बोलायची, मला कधी कळलंच नाही. तुम्ही ऐकलंय. सांगा."

मला सगळं पाठ होतं. मी त्याच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्याला त्याच्या आईचं बोलणं सांगत गेले. ती भिंतीशी काय बोलायची, कुठलं गाणं म्हणायची, दुपारी कुणाला जेवायला हाक मारायची. एकदा मी म्हटलं, "मिनू, पाय धुऊन ये," तर त्यानं मला थांबवलं. "मिनू नाही. मनू. मला मनू म्हणायची." ती डबीशी बोलत नव्हती, आत्या. एकदाही नाही. मुलाला हाका मारत होती, आणि जागी होत होती डबी.

"ही काढून का टाकत नाही?" मी विचारलं.

"मी कामावर असताना ती परत आली तर? हाक मारेल. ओ द्यायला कुणीतरी हवं ना घरात."

मी पुढचं सांगायला लागले. "मनू, उन्हात खेळू नकोस..." आणि फळीवरची डबी उजळली. "बोला," ती म्हणाली, "मी ऐकतेय."

आम्ही दोघंही गप्प झालो. चष्मेवाल्याच्या कानात उद्या आमची ही शांतता जाईल, हे मला माहीत होतं. त्यालाही आता माहीत होतं. दिवा विझला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पुढे?"

मी सांगत राहिले.

ठमी